हुंकाऱ्याची जागा

यंदाच्या पहिल्या वेचणीचा कापूस परवा घरात आला आणि घराचा आवाज गेला. दरवर्षीच जातो. एरवी आमच्या स्वयंपाकघरात वाटी पडली तर रस्त्यावरच्या माणसाला कळतं. पण बैठकीच्या खोलीत कापसाचा ढीग खिडकीपर्यंत चढला की भिंती सगळं गिळायला लागतात. हाक मारली तर ती आपल्याच तोंडापाशी संपते. सुमन, म्हणजे माझी बायको, या दिवसांत माझं बोलणं ऐकूच येत नाही असं सांगते. ते किती खरं आणि किती सोयीचं, याचा छडा मी अजून लावलेला नाही.

अंगाला खाज, नाकात तंतू, उन्हात तापून आलेल्या सरकीचा तेलकट वास. वेचणाऱ्या बायका ओट्या रिकाम्या करून, डोक्यावरचे फडके झटकून निघून जातात आणि मी ढिगाला पाठ टेकून बसतो. काम असं काही नसतं. आणि बसलो की या खोलीत किंगरी कशी वाजायची ते आठवतं.

आम्ही जैनथकडचे, पैनगंगेच्या अलीकडचे, म्हणजे तेलुगू मुलखातले मराठी. बसवरची तेलुगू पाटी आमच्यातल्या निम्म्यांना वाचता येत नाही, पण बस चुकत कोणाचीच नाही. बाजारात कापसाला पत्ती म्हणायचं आणि घरी आल्यावर कापूस, इतकं दोन भाषांचं आमचं जमलेलं आहे. या पट्ट्यातल्या गावांतून पहिल्या वेचणीनंतर शंकर किंगरीवाला फिरायचा. आधी त्याचा बाप यायचा, मग तो. वय माझ्याएवढंच. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला भाऊ आणि तुमी म्हणायचा. हे कोणी ठरवलं नव्हतं, पण आम्ही कधी मोडलंही नाही.

किंगरी दिसायला अगदीच साधी. नारळाची करवंटी, तिच्यावर ताणलेलं चामडं, बांबूची दांडी, दोन तारा. घोड्याच्या केसांचा गज आणि गजाच्या टोकाला चार घुंगरं. पण शंकर ती छातीला लावून बसला की त्या करवंटीतून गाय हंबरायची, वासरू उत्तर द्यायचं, विहिरीचा रहाट करकरायचा. रिकाम्या घरात हा आवाज जरा किरटा वाटतो. कापूस भरलेल्या खोलीत मात्र त्याला घुमायला जागाच राहत नाही, तो सरळ कानाशी येऊन बसतो. म्हणून शंकर ओसरीत बसायला तयार नसायचा. "कापसात बसू द्या भाऊ," म्हणायचा, "इथी तार खोटं बोलत नाई."

तोंडानं आणि तारेवर मिळून तो सांगायचा ती गोष्ट दरवर्षी एकच. एका गुराख्याची गाय हरवते आणि तो तिला शोधत निघतो, एवढीच. पण वाट दरवर्षी वेगळी. ज्या घरी बसला त्या घराच्या सोयऱ्याधायऱ्यांची गावं गुराख्याच्या वाटेवर यायची. सुमन लग्न होऊन आली त्या वर्षी गुराखी थेट बोथ गावी तिच्या माहेरच्या दारात पाणी मागायला गेला होता. तिथल्या माठाला गळती आहे हेसुद्धा शंकरनं सांगितलं. होती म्हणे. गाय कधी सापडायची, कधी नाही. कधी सापडलेली गाय दुसऱ्याचीच निघायची. घरातून निघताना गुराख्याचं काय होणार हे शंकरलाही माहीत नसायचं.

आणि या गोष्टीला हुंकारा लागायचा. घरातल्या एकानं समोर बसायचं आणि दर ओळीला "हूं" म्हणायचं. तो हूं आला की किंगरी पुढची ओळ उचलणार. नाही आला तर या घराला गोष्ट नको आहे, असं समजून शंकर गज खाली ठेवणार. दमलेल्या घराचा त्याला राग नसायचा. पण थांबलेली गोष्ट तशीच टाकून दुसऱ्या दारात नवी सुरू करायची नाही, हा त्यांच्याकडचा नेम. जिथं थांबली, ज्या माणसांपुढं थांबली, तिथंच ती पुरी करायची आणि मग पुढचं घर. एकदा त्याच्या बापाला आमच्या शेजारच्या घरी एका अर्ध्या गोष्टीसाठी तीन दिवस खोळंबून राहावं लागलं, कारण हुंकारा देणारा माणूस तापानं पडला होता.

आमच्या घरचा हुंकारा माझ्याकडे आला तो माझ्या अंगच्या गुणांमुळे. मी उठून गेलो तरी घरात कुठलंच काम अडत नसे. तेव्हा बसवा यालाच, असं वडील म्हणाले. मी ते काम मनावर घेतलं. हूं म्हणणं सोपं नसतं. लवकर म्हटलं तर सांगणाऱ्याला वाटतं याला घाई आहे. उशिरा म्हटलं तर त्याचा गज तारेवर लोंबकळत राहतो. गाय दिसल्यावरचा हूं वेगळा, आणि ती आपली नव्हती हे कळल्यावरचा वेगळा. वर्षानुवर्षं मी शंकरच्या पुढं बसलो आणि मला वाटायला लागलं की ही गोष्ट अर्धी माझी आहे. आता लिहिताना हे हास्यास्पद दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या वेचणीची ही हकीकत. गुडीहत्नूरला हायवेवरच्या चहाच्या टपरीत शंकर तार लावत बसला होता आणि हैदराबादहून नागपूरला निघालेल्या एका माणसाच्या गाडीचं टायर नेमकं तिथंच बसलं. हा फिलिप. सॅक्सोफोन वाजवणारा. त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. हा मात्र जॅझकडे वळलेला, म्हणजे लग्नाची गाणी सोडून त्याच वाद्यातून मनाला येईल ते वाजवणारा. टायर बदलून झालं तरी फिलिप निघाला नाही. शंकरला म्हणाला, "कैसा बजाते जी तुम, अगला सुर किधर जाता समझताच नहीं." शंकरनं सांगितलं, "मेरे कू बी नहीं समझता." फिलिप म्हणे टपरीतल्या बाकड्यावर बसून पोट धरून हसला. मग त्यानं नागपूर रद्द केलं आणि शंकरला गाडीत घालून आमच्या घरी आला, कारण शंकरनं त्याला सांगितलं होतं की किंगरी ऐकायची तर कापसात.

त्या दुपारी फिलिप कापसाच्या ढिगात मांडी घालून बसला. अंगावर काळा शर्ट होता, तो उठेपर्यंत पांढरा झाला. समोर रेकॉर्डिंगचं यंत्र. शंकरनं गुराख्याला घराबाहेर काढलं, मी हूं म्हणालो, दोन-तीन ओळी झाल्या आणि फिलिपनं हात वर केला.

"भाईसाब, आप जरा चुप बैठते क्या? रेकॉर्ड में आवाज आ रा."

मी गप्प बसलो. शंकरनं पुढची ओळ वाजवली, वाट पाहिली आणि गज मांडीवर ठेवला.

"काऊन थांबला?" मी विचारलं.

"तुमी थांबले म्हणून."

फिलिपला नीटसं समजलं नाही. हा माझा काहीतरी चाळा असावा आणि शंकरला त्याची सवय झाली असावी, असं त्यानं धरलं आणि मोठ्या मनानं मला परवानगी दिली. गोष्ट पुरी झाली. जाताना त्यानं शंकरला हैदराबादला बोलावलं. एका सभागृहात त्याचा कार्यक्रम होता. चार माणसं बसणार, कोणी काहीही ठरवून येणार नाही, एकानं सुरू करायचं आणि बाकीच्यांनी त्यात शिरायचं. शंकर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "भाऊ आयेंगे तो मैं आयेगा." फिलिप म्हणाला, "तो भाईसाब को भी लेके आओ ना, कौन ना बोला."

मी येतो म्हणालो. हे मी स्वच्छ लिहितो, कारण पुढं मी गेलो नाही. नवा शर्ट शिवला, सुमननं त्याला इस्त्री केली. निघायच्या आदल्या दिवशी नदीकडून ढग आले. शिवारात बोंडं उमललेली होती. मी शंकरला सांगितलं की पाऊस आला तर फुटलेला कापूस मातीत जाईल, मला घर सोडता येत नाही. तो बिचारा म्हणाला, "बरोबर हाय भाऊ. कापूस पयले." आणि एकटा बसमध्ये चढला. पाऊस आला नाही. खरं म्हणजे पाऊस नव्हतं माझं कारण. शहरातल्या उजेडात, खुर्च्यांत बसलेल्या लोकांसमोर, एका बाजूला बसून मी हूं हूं करणार आणि लोक मला बघणार, याची मला लाज वाटली होती. सुमनला हे कळलं असावं. तिनं तो शर्ट पुन्हा घडी करून ठेवून दिला.

चार दिवसांनी शंकर शेतात आला. बांधावर बसला, आणि मी विचारायच्या आधीच त्यानं सांगितलं. आधी फिलिपनं वाजवलं, मग ड्रमवाल्यानं, मग माणसाएवढं व्हायोलिन उभं राहून वाजवणाऱ्या तिसऱ्यानं. शंकर त्या व्हायोलिनला किंगरीचा आजा म्हणत होता. मग सगळे थांबले आणि शंकरकडे बघू लागले. त्यानं गुराखी काढला. हैदराबादच्या गल्ल्यांतून नेला, हायवेला लावला, गुडीहत्नूरवरून आणला आणि पैनगंगेत उतरवला. गुराखी कंबरभर पाण्यात गेल्यावर शंकरच्या लक्षात आलं की इतका वेळ एकही हूं आलेला नाही.

"मी म्हणलं, एवढे लोकं हायेत, कोणी तं म्हणीन. आपल्या मनानंच हूं धरून एवढ्या दूर आलो मी. मंग पाह्यलं त सारे गप. साऱ्याइचे डोळे माह्याकडं, अन तोंड बंद. मले वाटलं, नको हाय यांइले."

"मग?"

"मंग काय. गज ठेवला खाली. हात जोडले."

बाकीचे वाजवत राहिले, तो किंगरी मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसून राहिला. कार्यक्रम संपल्यावर लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी येऊन त्याला सांगितलं की तुम्ही जे अचानक थांबलात, तसं शांततेचं वाजवणं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. हे सांगताना शंकरच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"भाऊ," तो म्हणाला, "गुराखी पाण्यातच उभा हाय अजून."

मी त्याला म्हणालो, घे किंगरी, मी बसतो समोर, काढ त्याला बाहेर. मनापासून म्हणालो. तो मान हलवत राहिला. "इथी थांबली असती त इथी काढली असती. तुमच्यापुढं कुठी थांबली ते?" मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. त्याच्या गुराख्याला मी पाण्यात उभं केलं होतं आणि आता त्याला बाहेर काढायला माझा हुंकारा चालत नव्हता.

त्या वर्षी शंकरनं पुढची फेरी केली नाही. करता येईना. अर्धी गोष्ट मागे ठेवून दुसऱ्याच्या दारात नवी कशी काढायची? जैनथच्या बाजारात लोक मला विचारायचे, किंगरीवाला काऊन नाई आला यंदा? मी म्हणायचो, बरं नाही त्याला. वेचणी झाली, कापूस गेला, खोली रिकामी झाली, वाट्या पुन्हा वाजायला लागल्या. अशी मुकी वेचणी मी पहिल्यांदाच पाहिली. सुमन एकदा सहज म्हणाली, "तुमी गेले असते त काय झालं असतं?" मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. पण खोलीत तेव्हा कापूस नव्हता.

शेवटी शंकरच परत गेला. हैदराबादला जाऊन त्यानं फिलिपला सगळं सांगितलं. फिलिपच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो स्वतःच्याच कपाळावर मारून घेत म्हणाला म्हणे, "अरे, मैं रेकॉर्ड में से वोइच निकाल रा था." मग त्यानं आपल्या माणसांना बोलावलं आणि त्या कार्यक्रमाला आलेल्यांतले जेवढे जमले तेवढे लोकही गोळा केले. जागा म्हणजे त्यांची रेकॉर्डिंगची खोली. भिंतींना फोम लावलेला. शंकरनं आत पाऊल टाकलं, तोंडानं एक हाक मारून पाहिली, ती तोंडापाशीच संपली. तो म्हणाला, "इथी बी कापूस भरलाय." आणि खाली बसला.

हुंकारा ड्रमवाल्यानं दिला. तोंडानं नव्हे. दर ओळीनंतर झांजेवर नुसता ब्रश फिरवायचा, कधी ढोलावर बोट टेकवायचं. शंकर मला सांगत होता, "पयले दोनदा चुकला तो. मंग बसला बरोबर. तुमच्यावानी नाई, पण बसला." तुमच्यावानी नाई हे त्यानं माझ्यासाठी जोडलं होतं, ते मला समजलं. गुराखी पाण्यातून बाहेर आला. गाय सापडली का ते मी विचारलं नाही.

मागल्या वर्षीच्या वेचणीला तो आला नाही. नेम म्हणून नव्हे, वेळ नव्हता म्हणून. कुठं कुठं वाजवत होता. फिलिपनं माझ्या फोनवर ते वाजवणं पाठवलं, मी ते कापसात बसून ऐकलं. जॅझ मला समजतं असं मी म्हणणार नाही. बोथच्या बाजारात चार माणसं एकाच वेळी चार तऱ्हांनी बोलतात आणि तरी सौदा जुळतो, तसं काहीतरी ते आहे. सॅक्सोफोन एक वाक्य टाकून देई, किंगरी ते उचलून भलत्याच वाटेनं नेई, मग ड्रम म्हणे बरं, मग सॅक्सोफोन म्हणे असं होय. शब्द नव्हते, गावं नव्हती. पण वाट ओळखीची होती. दर वर्षी गुराख्याला नव्या रस्त्यानं नेणाऱ्या माणसाला यात नवं शिकण्यासारखं फार नसावं. नवं फक्त एवढंच होतं की आता उत्तर कुठूनही येत होतं. मला त्यात माझी जागा सापडेना. दोन-तीनदा मी हूं म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि तेवढ्यात ड्रमवाला म्हणून गेला.

कधी कधी वाटतं की त्या दिवशी मी बसमध्ये बसलो असतो तर सगळं सुरळीत झालं असतं. स्टेजच्या कडेला बसून मी हूं म्हटलं असतं, गोष्ट पुरी झाली असती आणि शंकर माझ्याशिवाय कुठंही गेला नसता. लोकांनी टाळ्या वाजवून आम्हा दोघांना परत पाठवलं असतं आणि पुढच्या वेचणीला तो पुन्हा माझ्या कापसात असता. म्हणजे मी गेलो नाही हे त्याच्या भल्याचंच झालं, असा हिशेब मी मांडून पाहिला. तो बरोबर आहे. त्यानं बरं मात्र वाटत नाही.

आणि काल शंकर आला. जैनथपर्यंत बसनं, पुढं ऑटोनं. अंगावर चांगला सदरा, पायात बूट, खांद्याला किंगरीसाठी शिवून घेतलेली जाड पिशवी. मी दारात उभा राहून म्हणालो, "या, बसा." तोंडातून गेलं.

"बसा काऊन म्हणून राह्यले भाऊ? मी काय तहसीलदार हाव?"

"तिकडे सगळे शंकरजी म्हणतात म्हणे."

"म्हणू द्या. त्याइले कुठी माहीत हाय मी कोण ते."

सुमन म्हणाली, "शंकरभाऊ, आधी च्या घ्या, मंग बोला." चहा झाला. तो उठून बैठकीच्या खोलीत गेला, नेहमीच्या जागी ढिगात बसला, किंगरी छातीला लावली. तार लावताना त्यानं कापसाकडे पाहिलं आणि उगाच मान हलवली. मी समोर बसलो. सुमन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

गुराखी निघाला. ऑटोतून उतरला, आमच्या आंब्याखालून गेला, नदीच्या वाटेला लागला. शंकरनं ओळ संपवली, गज तारेवर ठेवून माझ्याकडे पाहिलं. आणि मी हूं म्हणालो नाही.

का, ते सांगायला मला अवघड जातं. त्याची परीक्षा घ्यायची होती. तो थांबावा असं मला वाटत होतं. या खोलीत, माझ्यापुढं, माझा हूं नाही म्हणून त्यानं एकदा गज खाली ठेवावा, एवढंच मला हवं होतं. मग मी लगेच म्हटलं असतं. ओठ मिटून मी त्याच्या हाताकडे बघत राहिलो.

गज तारेवर होता तिथंच क्षणभर राहिला. मग शंकरनं माझ्यावरची नजर काढून खिडकीकडे वळवली. बाहेर रस्त्यानं बैलगाडी जात होती, तिचं चाक एका बाजूनं कुरकुरत होतं. त्यानं ते कुरकुरणं तारेवर घेतलं, त्याच्यातच पुढची ओळ बांधली, आणि गुराखी पाण्यात उतरला. घोटा, गुडघा, कंबर. गाडी वळणापलीकडे गेली. आता खोलीत किंगरीशिवाय काहीच आवाज नव्हता, माझा तर नव्हताच. शंकर डोळे मिटून वाजवत होता.

मी हूं म्हणालो. गुराखी तोवर पल्याड पोचून अंग पुसत होता.